पीरूवाले आबा

"घे गो, तुजी. रांध," असं म्हणून आबा मान पिरगळलेली कोंबडी मधल्या दगडी गडग्यावरून माझ्या अंगणात फेकत. ती अजून पाय झाडत असे. मी पदर खोचून धावे, तोंडाला येईल ते बोले, आणि ते सावकाश हात धुवायला विहिरीवर जात. तुमच्या शेजारी असा माणूस असता तर तुम्ही काय केलं असतंत? मी शिव्यांची लाखोली वाहून कोंबडी चुलीवर चढवत असे.

आबा आमच्या रत्नागिरीच्या खाडीकाठचे. सारी हयात आगबोटीवर स्वयंपाकी म्हणून गेली. म्हातारपणी त्यांनी गोव्याहून टर्कीची जोडी आणली. तिकडच्यासारखं ते त्यांना पीरू म्हणत. वर्षभर पीरू पोसायचे आणि नाताळात साहेबांच्या बंगल्यांना द्यायचे, यावर बापलेकांचं घर चालायचं. कोंबडी जिथं चरते तिथं पीरूला रोग धरतो, पिवळं हगून मरतो, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. म्हणून त्यांच्या परड्यात शिरलेली कोंबडी जिवंत परत येत नसे. आम्ही त्याला म्हातारचळ म्हणत होतो.

नाताळाआधी परड्यात रक्ताचा सडा पडे. पीरूला गोणत्यात घालायचं, गोणत्याच्या भोकातून मान बाहेर काढायची, उलटं टांगायचं आणि एकदाच सुरा फिरवायचा. त्याआधी मात्र आबा त्याच्या डोक्यावरून हात फिरवत. "चल बाबा, झाला तुजा," म्हणत. सगळ्यांत मोठा नर तेवढा वाचायचा, कारण पुढची वीण त्याच्यावर. तोही मालकाच्याच वळणाचा. टपालवाल्याची पोटरी त्यानं अशी फोडली, की तो बिचारा आबांचंही टपाल माझ्याकडे टाकू लागला.

एका वैशाखात आबांच्या मुलाचं गलबत मंगळूरहून कौलं भरून निघालं ते आलंच नाही. बायको केव्हाच गेलेली, मुलगा एकुलता एक. आबांनी गुरवाकरवी वाडीच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं: पोर परत आला तर माझ्या परड्यातला सगळ्यांत मोठा कोंबडा देईन.

आणि नवरात्रात पोरगा आला! गलबत फुटलं होतं. पावसाळाभर तो कारवारकडे तापानं पडून होता, तिथून राजापुरावरून पायी चालत आला. आबांनी आधी त्याच्या कानाखाली जाळ काढला, मग ते त्याला मिठी मारून मोठ्यानं रडले. मीही रडले, खोटं कशाला सांगू?

आता नवस फेडायचा. परड्यातला मोठा कोंबडा म्हणजे तो नर. गावकर मंडळी निवाड्याला बसली. थोरल्या गावकरांनी पीरूकडे लांबूनच पाहिलं आणि निकाल दिला, "ह्यो कोंबडा नाय. राखणदारानं असला कदी बगितलेला नाय. दचकेल."

आबांचा जीव भांड्यात पडला. पण मग कोंबडा आणायचा कुठून? देवाला तर परड्यातला कबूल केलेला. आबा पहिल्यांदाच माझ्या दारात आले.

"तुजा तांबडा देतंस? आठ दिवस परड्यात बांदतो, म्हंजे माज्याच परड्यातला झाला."

"मान पिरगळून देऊ की जिवंत?" मी विचारलं.

ते हसले नाहीत. कोंबडा आठ दिवस फणसाखाली बांधला, त्याला दाणापाणी दिलं आणि राखणदारापुढे कापला.

दिवाळी सरते न सरते तोच पीरू पिवळं हगू लागले. माना टाकून कोपऱ्याकोपऱ्यात बसले. मोठा नरही बसला. एका सकाळी आबा कोयता घेऊन परड्यात उतरले आणि दिसेल त्याची मान तोडत सुटले. मुंडकी एकीकडे, धडं दुसरीकडे फडफडतायत. मुलगा अडवायला गेला, त्याला कोयत्याच्या मुठीनं असा हाणला की तो गडग्यावर येऊन आदळला. नराला त्यांनी शेवटी मारलं. एका घावात तो मेला नाही. घाव घालताना आबा ओरडत होते, ते अजून माझ्या कानात आहे.

मी पाण्याची कळशी घेऊन धावले. मुलगा कपाळाचं रक्त पुसत म्हणाला, "बाबा, ऱ्हावं दे आता. मी परत गलबतावर जातो. पोटाला तर हवं."

आबांच्या हातातला कोयता गळून पडला.

"जाशील रे," ते म्हणाले, "पन आता नवस बोलायला माज्याकडं काय उरलंय?"

हा माणूस मला कधीच आवडला नव्हता. त्या दिवशी मात्र त्यांच्या कोपरापर्यंतचं रक्त मी माझ्या हातानं धुतलं.

मार्गशीर्षात मुलाचं नवं गलबत सुटलं, तेव्हा स्वयंपाकी म्हणून आबाही त्यावर चढले. त्या वयात! मी बंदरावर जाऊन भांडले. म्हटलं, आबा, समुद्र तुम्हाला झेपायचा नाही. ते म्हणाले, "द्यायला दुसरं काय नाय, म्हनून मीच जातंय संगती."

वैशाखात गलबत धडधाकट परत आलं. मी बंदरावर उतरायच्या फळीशी उभी होते. मुलगा उतरला. एकटाच उतरला.