सलूनवाल्यांचं फुटलेलं गिऱ्हाईक

समोरच्या घोटताईंचं खरं नाव आता त्यांच्या नवऱ्याला तरी आठवत असेल का, देव जाणे. जन्मभर त्यांनी पाळणाघर चालवलं आणि आमच्या इमारतीतल्या एकूण एक पोराच्या घशात औषध उतरवलं, म्हणून घोटताई. मांडीवर आडवं घ्यायचं, नाक दाबायचं, तोंड उघडलं की चमचा आत. माझा मुलगा आता दाढी करतो, पण त्या जिन्यात दिसल्या की अजून हात नाकावर जातो त्याचा.

आणि अशा बाईंची सख्खी नात त्यांच्या हातून औषध घेईना! लेक कामासाठी परगावी गेली, पोर आजीकडे ठेवून. पोरीचा कान ठणकायला लागला, डॉक्टरांनी औषध दिलं. आजीनं नाक दाबून पहिलाच चमचा ओतला, पोर ठसकली आणि सगळं औषध आजीच्या चष्म्यावर. तेव्हापासून एकच हेका, "आजोबा देणार!"

आजोबांचं कोपऱ्यावर केस कापायचं दुकान, म्हणून ते सलूनवाले. घरात त्यांना कोणी हिंग लावून विचारत नाही. पण आता ते ऐटीत पोरीला बाल्कनीत न्यायचे, दार लोटायचे आणि बिनसुईची पिचकारी रिकामी करून बाहेर यायचे. "घेतलं हो शहाण्या बाळानं!"

घोटताईंच्या अंगाचा नुसता तिळपापड. आमच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर, त्यामुळे वाफ माझ्याच तोंडावर.

"लाडावून ठेवलंय पोरीला. साखर कालवत असणार."

"मग तुम्हीही कालवा की."

"मी कशाला फसवू?"

"मग जळू नका."

"जळतंय कोण!" खिडकी अशी आपटली की माझ्याकडची भांडी वाजली.

दुसऱ्या दिवशी नेमकं औषधाच्या वेळी त्यांनी नवऱ्याला बल्ब आणायला पिटाळलं. घरात दोन बल्ब पडलेले. उसने नेलेले मीच परत केले होते. पोरीला स्वयंपाकघरातच घेतलं, त्यामुळे खिडकीतून मला सगळं दिसत होतं.

"चल गं राणी, आ कर."

पोरीनं ओठ गच्च मिटले. घोटताईंचा हात सवयीनं पुढे गेला, तशी तिनं दोन्ही हातांनी नाक झाकून घेतलं. माझ्या मुलासारखंच. घोटताईंचा चेहराच उतरला. कानाचं दुखणं औषधासाठी थांबणार थोडंच!

"बरं बाई. आजोबा काय जादू करतात ते दाखव तरी."

पोरीला तेवढंच हवं होतं. तिनं आजीला स्टुलावर ताठ बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, हातात आरसा दिला.

"हलायचं नाही. आरशात बघ." मग पिचकारीत पाणी भरून, "गालात हं. थोडंसंच. गिळलं? आ करून दाखव."

"दुकानच थाटलंय की यांनी घरात!" घोटताई फणकारल्या, पण आ केला.

"आता माझा नंबर."

आजीनं रेघेपर्यंत औषध भरलं, गालात थोडं थोडं सोडलं.

"कडू आहे?"

"खूप!" आरशात बघत पोर म्हणाली आणि गिळून मोकळी.

तेवढ्यात सलूनवाले बल्ब घेऊन आले आणि थेट पिचकारीकडे वळले.

"झालंय औषध, पुन्हा देऊ नका," घोटताई म्हणाल्या. "दुकान बंद करा. तुमचं गिऱ्हाईक फुटलं."

सलूनवाल्यांचा विश्वासच बसेना. त्यांनी पोरीला हळूच विचारलं, "उद्या मी देऊ ना गं?"

"नंबर लावा," पोर आरशावरून नजर न काढता म्हणाली.

सलूनवाले टॉवेल झटकत खिडकीशी आले. मी दिसताच तोंड वाकडं करून म्हणाले, "आजीनं लाडावून ठेवलंय पोरीला."