नऊ वाजताचा खोळंबा

राइली कोक्कोनेन कामाला वाघ, बोलायला महाग. योएन्सू शहराजवळच्या एका कॉलेजचा मेल सर्व्हर ती वीस वर्षं एकटी सांभाळत होती, आणि आता तोच तिच्या नोकरीवर उठला होता. सकाळी नऊला सगळे एकदम मेल उघडायचे आणि सर्व्हर बसकण मारायचा. नवा साहेब योनातान तिला म्हणाला, "गुरुवारपर्यंत सुधारला तर ठीक. नाहीतर मेल बाहेरच्या कंपनीकडे." मग राइलीने काय करायचं, घरी बसून मोजे विणायचे?

कॉफीच्या वेळी शेजारच्या खोलीतल्या पेंट्टीने अक्कल पाजळली. "आलेली मेल डिस्कवर लिहून होईपर्यंत 'मिळाली' म्हणायचं नाही, ही अटच काढून टाक. पळत सुटेल बघ."

"आणि वीज गेली तर? 'मिळाली' म्हणून कळवलेली मेल कुठून आणू? शब्द दिला म्हणजे दिला, पेंट्टी."

"बस मग शब्द कुरवाळत," म्हणत त्याने दुसरा वेलचीपाव उचलला.

तीन दिवस राइली डिस्कचं मोजमाप घेत बसली आणि चक्रावलीच. नऊ वाजता लोक नुसते वाचत होते, तरी डिस्क लिहीतच सुटली होती. इथे प्रत्येक मेल म्हणजे वेगळी फाइल. कुणी ती उघडली की वाचल्याची वेळ डिस्कवर टिपली जायची. हजारो मेल्स, हजारो टिपणं. हा उपद्व्याप कुणाचा, म्हणून तिने सेटिंग उघडलं, तर त्या ओळीशेजारी तिचीच आद्याक्षरं, सोळा वर्षांपूर्वीची. तेव्हा एका प्राध्यापकांच्या जुन्या प्रोग्रामला ती वेळ लागायची. प्राध्यापक केव्हाच निवृत्त झाले, ओळ राहिली, आणि मेल वर्षागणिक वाढत गेल्या. चालतंय त्याला हात लावू नये, हा राइलीचा बाणा तिच्याच अंगाशी आला होता. तिला भयंकर लाज वाटली.

तिने ते टिपण बंद केलं. गुरुवारी नऊला मेल झटक्यात उघडली. योनातान शाबासकी द्यायला खाली आला. राइली गप्प राहिली असती तर शाबासकी पदरात पडली असती.

"खोडा मीच घातला होता," ती म्हणाली. "सोळा वर्षं."

योनातान म्हणाला, "सांगितलं नसतंस तर मला कळलंही नसतं."

"म्हणूनच सांगितलं."

तो खुर्ची ओढून बसला. "त्या कंपनीवाल्याला मी विचारलं होतं, तुमची चूक झाली तर मला कोण सांगणार? त्याने माणूस नाही, करारातलं कलम दाखवलं." मग तो म्हणाला, "मेल इथेच राहू दे, राइली. तुझ्याकडे."