भावोजींचा फीडर

नव्वदच्या दशकात मी बंगळूरला यशवंतपूरजवळच्या एका सबस्टेशनात शिफ्ट ऑपरेटर होतो. तिथून निघणाऱ्या एका फीडरवर, म्हणजे एका भागाला वीज नेणाऱ्या लाइनवर, माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा कारखाना होता. पाऊस रुसला त्या वर्षापर्यंत भावोजींना याचं कौतुकच होतं.

कारखाना दोन मशीनचा. प्लास्टिक वितळवून बाटल्यांची झाकणं काढायची. करंट गेला की वितळलेलं प्लास्टिक मशीनच्या नळीतच थिजायचं, आणि करंट आल्यावर ते तापवून बाहेर काढण्यात अर्धी सकाळ जायची. त्यांचं नुकसान खरं होतं, ते मी कधीच नाकारलं नाही.

बंगळूरची बहुतेक वीज लांबून यायची, शरावतीच्या धरणावरून नाहीतर रायचूरच्या कोळशावरून. धरणात पाणी कमी म्हणजे वीज कमी. तयार होते त्याहून जास्त ओढली की लांबची जनित्रं मंदावतात आणि आमच्या पॅनेलवरचा फ्रीक्वेन्सीचा काटा पन्नासाच्या खाली उतरतो. मग मुख्य केंद्रातून फोन यायचा, आणि आम्ही पाळीपाळीनं फीडर बंद करायचो. हॉस्पिटलचा तेवढा सोडून.

हे मी भावोजींना अनेकदा समजावलं. ते कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणायचे आणि बाजारात सांगत फिरायचे, की सख्खा मेहुणाच माझी मशीनं बंद पाडतो. जयनगरला माझ्या पुतण्याचं बारसं होतं, तिथं भर पंगतीत ते वाढणाऱ्याला म्हणाले, "त्याला जास्त वाढू नका. हात जड झाला तर माझा स्विच कसा दाबणार?" लोक हसले. माझी बहीण, अक्का, समोरच ताक वाढत होती. ती पुढच्या पानाकडे वळली. मी पानावरून उठलो.

त्यानंतर एका दुपारी ते शेजारच्या तीन कारखानदारांना घेऊन सबस्टेशनातच आले. वॉचमन त्यांना ओळखत होता, त्यानं सोडलं. मला वाटलं, आले आहेत तर काटा दाखवावा. मी दाखवत होतो तेवढ्यात फोन आला. त्यांच्याच फीडरची पाळी होती. ते पॅनेलसमोर हात पसरून उभे राहिले.

"भावोजी, बाजूला व्हा."

"आज तुझा हात इथं लागणार नाही."

मी सांगितलं, की आपण भार कमी केला नाही तर रिले, म्हणजे काटा फार उतरला की सुटणारा स्वयंचलित स्विच, आपोआप लाइनी तोडेल, आणि तो कुणाची पाळी बघत नाही. काटा डोळ्यांदेखत उतरत होता. तिघांतल्या एकानं भावोजींची बाही ओढली. ते हलले नाहीत. मला त्यांना ढकलता आलं असतं, पण त्यांच्या पाठीमागेच सगळे स्विच होते. धक्क्यानं भलताच फिरला असता.

रिले पडला. बाहेर यार्डात धाड धाड आवाज झाले आणि चार फीडर एकदम गेले. बरोबर आलेल्या तिघांचे कारखानेही त्यात होते.

मला वाटलं, आता तरी कळेल. भावोजी वळून तिघांना म्हणाले, "बघितलंत? हात न लावतासुद्धा घालवतो." आणि तिघांनी माना डोलावल्या. बाही ओढणाऱ्यानंसुद्धा.

माझं डोकं फिरलं. "बाहेर व्हा. परत आलात तर पोलीस बोलावीन," एवढंच मी म्हणालो. त्यांच्याशी बोललेलं ते माझं शेवटचं वाक्य.

बाहेरची माणसं आत कशी आली, याचा जाब मला द्यावा लागला आणि माझी बदली बेळ्ळंदूरच्या बाजूला झाली. तेव्हा तिकडे तळं आणि शेतं, बसही धड नव्हती. यशवंतपूरचा फीडर माझ्यामागेही पूर्वीसारखाच बंद होत राहिला. भावोजींचं म्हणणं, मी तिकडे बसून सांगतो म्हणून. अक्का एकदा घरी आली. तू लहान आहेस, माफी मागून टाक, असं तिचं म्हणणं. कशाची, असं मी विचारलं. ती कॉफी न घेता गेली, आणि पुढे येणंच बंद केलं.

भाचीच्या लग्नाला मात्र मामा लागतोच, म्हणून बोलावणं आलं. कार्यालयात सकाळपासून करंट होता, एकदाही गेला नव्हता. तरी भावोजींनी भाड्याचा डिझेल जनरेटर आणून दाराशी चालू ठेवला होता. धूर स्वयंपाकघरात जात होता, मंगलाष्टकं ऐकू येत नव्हती. मुलाकडच्या कुणीतरी कारण विचारलं, तर माझ्याकडे बघत ते म्हणाले, "घरातच वैरी असला की स्वल्प काळजी घ्यावी लागते."

मी भाचीला बोहल्यावर नेलं, अक्षता टाकल्या आणि न जेवता निघालो. अक्का दारापर्यंत आली. येतो म्हणालो. जनरेटरच्या आवाजात तिला ते ऐकू आलं नसावं. तिनं नुसती मान हलवली आणि आत गेली.