वाफेत उतरलेला कलप

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी कडकराव तिसऱ्या शर्टाच्या कॉलरवर होते. हॉटेलच्या लॉन्ड्रीतलं दुसरं टेबल, वाफेची जड इस्त्री आणि समोर काचेच्या केबिनमधून नजर ठेवून बसलेल्या सुपरवायझरबाई. आजचा दिवस चाचणीचा. जमलं तर नोकरी, नाही तर पुन्हा घर.

कडकराव हे नाव जुन्या कारखान्यातलं. त्यांच्या हातची घडी मोडणं लोकांच्या जिवावर येई, म्हणून पडलेलं. तयार कपड्यांचा तो कारखाना बंद पडला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी ते दारोदार फिरू लागले. कुठे ‘कळवतो’, कुठे ‘काका, आता आराम करा’. एकाने तर मुलासाठी आलात का, असं विचारलं. शेवटी मेहुण्याने कानमंत्र दिला: फोनवर वय सत्तेचाळीस सांगा आणि केस काळे करा. काल संध्याकाळी बायकोने कलप लावून दिला.

“आरशात बघा. अगदी माझे धाकटे दीर.”

“मला भाऊ आहे कुठे?”

“म्हणून तर ओळख पटेना!”

मेहुण्याने वाफेचा विचार केला नव्हता. चौथ्या शर्टाला कडकरावांच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळला आणि पांढऱ्या पाठीवर तपकिरी ठिपका उमटला. त्यांनी कानशिलाला बोट लावलं. बोट काळं.

इस्त्री हवेतच थांबली. डागावर इस्त्री फिरली की तो पक्का बसतो. घडीत तो झाकता आला असता. बाई नेमक्या फोनवर होत्या. पण घडीत तो तिथेच वाळला असता. कडकरावांनी इस्त्री स्टँडवर ठेवली आणि शर्ट घेऊन केबिन गाठली.

“बाई, हा आत्ताच्या आत्ता धुवायला टाका. वाळला तर निघायचा नाही.”

“कसला डाग?”

“माझ्या डोक्याचा.”

बाईंनी मान वर केली. गालावरून काळा ओघळ हनुवटीपर्यंत आला होता.

“खरं वय?”

“अठ्ठावन्न.”

“फोनवर सत्तेचाळीस होतं.”

“फोनला वाफ लागत नाही.”

बाई खळखळून हसल्या. शर्ट धुलाईकडे गेला आणि त्यांचा आवाज पुन्हा कोरडा झाला. “खोटं बोललात, ते आवडलं नाही. आठ तास उभं राहवेल?”

“नाही. चार-पाच तासांनी गुडघा कुरकुरतो. कॉलर आणि कफ मी बसून करतो. उंच स्टूल लागेल.”

“याआधीच्या तिघांनी कधी काही अडचण सांगितली नाही. ‘उद्यापासून येत नाही’, एवढंच कळवलं.” बाईंनी फोन उचलून वरून एक स्टूल मागवलं. “महिनाभर बघू. आधी ते डोकं धुऊन या.”

डाग दुसऱ्या धुण्यात निघाला. त्या शर्टाला कडकरावांनीच इस्त्री केली, टॉवेल डोक्याला गुंडाळून.

“महिनाभरच?” घरी बायकोने विचारलं.

“कारखान्यातही आधी महिनाभरच ठेवलं होतं. पुढे एकतीस वर्षं निघाली.”

“एकतीस नकोत. गुडघ्याला विचारा जरा.”

उद्या त्यांची पाळी सहा ते दोनची आहे. पहिला गठ्ठा स्वयंपाक्यांच्या पांढऱ्या कोटांचा.