अन्थूसाची लेक

अन्थूसा एका जागी फार वेळ बसू शकायची नाही. विणायच्या मागावर असली की हात शांत चालायचे. धोटा ठेवला की उठून दारात जायची, परत यायची, पुन्हा जायची. आमच्या ग्रीक थीब्स शहरातून सिसिलीच्या राजाच्या आरमाराने आम्हा विणकर बायकांना उचलून पालेर्मोला आणलं, तेव्हापासूनचं तिचं हे असं. मी तिच्या शेजारच्या मागावर होते.

इथल्या राजाला आमच्या सम्राटासारखं दिसायचं होतं. तसाच जांभळा झगा, तसेच सोनेरी गरुड. म्हणून आम्ही विणायचं आणि इथल्या पोरींना शिकवायचं. अन्थूसाने कितीतरी पोरी तयार केल्या. पण इथेच जन्मलेल्या पोटच्या पोरीला, अर्गिरीला, तिने मागाला हात लावू दिला नाही.

आम्हाला आणल्यावर दहाएक वर्षांनी आमचा सम्राट आणि इथला राजा यांच्यात तह झाला. कैदी घरी जाणार होते. फक्त रेशीम विणता येणाऱ्यांना सोडायचं नाही, असं ठरलं होतं. आमच्याबरोबरच पकडून आणलेला अन्थूसाचा नवरा थिओफान सुतार होता, त्याला मोकळीक मिळाली.

"पोरीला घेऊन जा," ती म्हणाली. "तुमची आई आहे तिकडे."

"आणि तू?"

"माझं काय विचारता? हिचे हात मऊ ठेवलेत मी. कशासाठी, ते आज कळलं ना?"

निघायच्या आदल्या सकाळी राजवाड्याचा कारकून विणकामाच्या दालनात आला. त्याने अर्गिरीचे तळवे उलटसुलट पाहिले. "हिला काही येत नाही. जाऊ दे."

"येतं मला," अर्गिरी म्हणाली.

"गप्प बस गं!" अन्थूसा ओरडली.

पोर सरळ आईच्या मागावर जाऊन बसली. तिने धोटा फेकला, फणी ठोकली, परत फेकला. वीण जराशी सैल होती, पण खरी होती. आईने शिकवलेल्या इथल्याच पोरींकडून ती शिकली होती.

कारकून हसला. "ही राहील."

तो वळताच अन्थूसाने पोरीच्या थोबाडीत मारली. "घरी जायचं होतं ना गं तुला!"

"ते तुझं घर, आई. मी पाहिलंय कधी? आणि तू इथे एकटी?" गाल चोळत अर्गिरी म्हणाली.

थिओफान म्हाताऱ्या आईपायी गेला. एक-दोनदा व्यापाऱ्यांबरोबर निरोप आला, मग तोही येईनासा झाला.

अन्थूसा कित्येक आठवडे पोरीशी बोलली नाही. तिच्या मागाभोवती घुटमळायची, खिडकीशी जायची, परत यायची. एका दुपारी मात्र थांबली.

"सरक तिकडे," ती म्हणाली. "किती सैल ओढतेस! कोणी शिकवलं तुला असं?"

अर्गिरी सरकली. दोघी मागापुढच्या एका फळीवर बसल्या. अन्थूसाचा पाय जमिनीवर सारखा हलत होता.