रशीदचा मग्गा

१९७४ च्या जानेवारीत आमची रजा संपली. जऊळका स्टेशनवरून सकाळची अकोल्याची गाडी धरायची होती. मी लान्स नाईक बबन, गाव वऱ्हाडातलं मालेगाव. माझ्याबरोबर सिग्नलमन शेख रशीद, गाव जऊळकाच. दोघे एकाच सिग्नल कंपनीत, पोस्टिंग लडाख. ट्रंका बाकाखाली सारून आम्ही स्टेशनबाहेर उस्मानचाचांच्या हॉटेलात बसलो. हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर, दोन बाकं आणि एक भट्टी. मागे तरटाचा पडदा आणि त्यापलीकडे घर. उस्मानचाचा म्हणजे रशीदचे वडील.

चाचांचा एक कायदा होता. त्यांच्याकडचा चहा अर्धा ठेवून कुणी उठायचं नाही. गिऱ्हाईक उठलं की ते कप उचलून आत डोकावायचे. तळाशी घोट दिसला की मग तो कापडदुकानाचा जैन शेठ असो नाहीतर गाडीचा गार्ड, मागून हाक जायची, "काहून? कडू होता काय?" गाडीने शिट्टी दिली तरी माणूस परत यायचा आणि कप रिकामा करून पळायचा. रशीद म्हणायचा, "आमचा बुढा मिलिटरीत पाह्यजे होता. सुभेदार झाला असता."

त्या सकाळी आम्ही बशीत चहा ओतत होतो. शेलूबाजारकडून सायकलवर एक माणूस आला आणि सायकल धरून उभाच राहिला. चाचांनी सवयीने कप पुढे केला. त्याने मान हलवली. चाचांनी किटली खाली ठेवली आणि विचारलं, "कोन गेलं?"

स्टेशनवरच्या हमालाची सासू गेली होती. आमच्या भागात मयतीची खबर आणणारा माणूस चहा काय, पाणीसुद्धा घेत नाही. त्याने घोट घेतला तर समजायचं, सगळं ठीक आहे. नाही घेतला तर विचारायला फक्त नाव उरतं.

निघता निघता अशी खबर कानावर पडली ते मला आवडलं नाही. रशीदने मात्र कप संपवला, उलटा करून बापाला दाखवला आणि म्हणाला, "येतो, अब्बा." चाचा हसले नाहीत, पण खूश होते. गाडी हलली तेव्हा ते हातात फडकं घेऊन फलाटापर्यंत आले होते.

पोस्टवर आमचं काम एकच, टेलिफोनची लाईन चालू ठेवायची. बंकरमध्ये हवालदार बलवंतसिंग पंजाबचे, नाईक पिल्ले केरळचा, आम्ही दोघे वऱ्हाडचे आणि नोरबू नावाचा लडाखी पोर्टर. स्टोव्ह एकच आणि चहाचे पंथ चार. बलवंतसिंग चहा उकळून उकळून त्याचा काढा करायचे. पिल्ले हातभर उंचीवरून ओतून फेस आणायचा. रशीद मेसटिनच्या, म्हणजे फौजी डब्याच्या, झाकणाची बशी करून फुरके मारायचा. नोरबूचा चहा मिठाचा आणि लोण्याचा. पहिल्या घोटाला मला वाटलं, वरणात चुकून चहापत्ती पडली. पण त्या थंडीत तोच अंगात ऊब धरून ठेवायचा. पुढे बलवंतसिंग झाकणात ओतून पिऊ लागले आणि रशीद नोरबूकडे मीठ मागू लागला. घरच्या गोष्टी निघायच्या त्या चहाच्या वेळेलाच. पिल्लेने जऊळका कधी पाहिलं नव्हतं, पण चाचा कपात डोकावतात हे त्याला माहीत होतं.

फेब्रुवारीत दिवसचे दिवस बर्फ पडलं. मग एका सकाळी ते थांबलं आणि लाईन डेड झाली. वायरलेसवर हेडक्वार्टरचे सुभेदार साहेब आले.

"लाईन आजच चालू पाहिजे. वेदर?"

"क्लिअर, साहेब."

वेदर क्लिअर होतं, आणि तेच मला खटकत होतं. लख्ख ऊन होतं. वारा पूर्ण पडला होता. वरच्या उतारावर ताजं बर्फ साचलं होतं, ते अशा उन्हात कधीही सुटतं, आणि कुठेच काही हलत नव्हतं. बलवंतसिंगांनी त्या उताराकडे पाहिलं, हातमोजे चढवले आणि पुन्हा पाहिलं.  लाईन पार्टी दोघांची होती, ते आणि रशीद. मी बंकरमधल्या एक्स्चेंजवर बसणार होतो.

ते निघताना नोरबूने दोघांचे मग्गे चहाने भरले आणि दाराजवळच्या दगडावर ठेवले. बलवंतसिंगांनी आपल्या मग्ग्याला हात लावला नाही. त्यांची लडाखातली ती दुसरी पोस्टिंग होती. रशीदने मात्र आपला उचलला, घटाघट संपवला आणि नोरबूला उलटा करून दाखवला.

नोरबूचा हात किटलीवर तसाच राहिला. "साब, ये पीने का नहीं था."

"मंग भरला कायले?"

बलवंतसिंगांनी समजावलं. नोरबूच्या घरची रीत अशी, की निघणाऱ्याचा मग्गा भरून ठेवायचा आणि त्याला शिवायचं नाही. माणूस परत आला की मग प्यायचा.

"आमच्या इकडं भरला कप ठेवून उठलं तं बुढा गाडी थांबवते," रशीद म्हणाला.

आम्ही हसलो. नोरबू हसला नाही. त्याने रशीदचा मग्गा पुन्हा भरला आणि दगडावर ठेवला. मी शकुन-अपशकुन मानणारा माणूस नाही. बर्फ कुणाचा चहा बघून खाली येत नाही. तरी त्या मग्ग्याला धक्का लागू नये म्हणून मी दगडाला वळसा घालून आत गेलो, हे खरं आहे.

रशीद ठरल्याप्रमाणे वाटेत थांबून फील्ड टेलिफोन लाईनला जोडायचा.

"एक्स्चेंज, लाईन पार्टी. टेस्ट."

"ओके. आवाज क्लिअर. पुढे जा."

असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्याचा आवाज खुशीत होता. "बबन, तुटलेली जागा भेटली. जोडून राह्यलो. वापस येतोच. च्या मांडून ठेव."

"ओके. ओव्हरशूज काढून आत ये. मागच्या वेळी सगळा चिखल केलास."

"हो बाप्पा."

थोड्या वेळाने पलीकडचं हेडक्वार्टर लाईनवर आलं. आवाज स्वच्छ होता. मी रजिस्टरमध्ये लाईन ओके लिहिलं आणि पिल्लेला स्टोव्ह पेटवायला सांगितलं. पाणी उकळत असताना बंकरचं छत थरथरलं. आवाज आला तो दूरवरून मालगाडी जावी तसा, आणि बराच वेळ चालला. मी हँडल फिरवलं. लाईन डेड होती.

वरचा उतार सुटून लाईनवर कोसळला होता. बलवंतसिंग मागे होते. त्यांचा हात बर्फाबाहेर दिसला आणि आम्ही त्यांना जिवंत काढलं. रशीद पुढे होता. अंधार पडेपर्यंत आम्ही काठ्या खुपसत राहिलो. दुसऱ्या दिवशी, आणि त्यानंतरही. परत यायचो तेव्हा दगडावर त्याचा मग्गा गोठलेला असायचा. नोरबू तो स्टोव्हशी नेऊन मोकळा करायचा आणि ताजा भरून ठेवायचा. त्याला कुणी अडवलं नाही.

रशीदच्या घरी तार गेली. त्यात लापता असा शब्द होता. सुभेदार साहेबांनी मला बोलावलं.

"तुझ्या भागातला जवान. घरी भेटून ये. बॉडी मिळेपर्यंत तो मिसिंग. तुझ्या तोंडून दुसरा शब्द निघायला नको."

"होय, साहेब."

त्या बर्फाखाली माणूस घटकाभरही जगत नाही हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

जऊळक्याला दुपारी उतरलो. चाचा भट्टीशी होते. बाकावर हमाल आणि कापडदुकानाचे शेठ बसले होते. मला पाहून ते बाकावर सरकले. तरटाच्या पडद्यामागे बांगड्या वाजत होत्या. रशीदची आई भांडी घासत असावी.  चाचांनी कप फडक्याने पुसला, भरला आणि माझ्यासमोर ठेवला.

"तारीत लापता लिवलं आहे. लापता मंजे सापडन, असं समदे सांगून राह्यले," ते म्हणाले. "तू तं तिथंच होता. च्या पे आंदी."

प्रवासात मी बोलायची वाक्यं पाठ केली होती. चहाचा विचारच केला नव्हता. समोर कप आला आणि मी हात गुडघ्यांवर ठेवले. एक घोट घेतला असता तर हा माणूस पुढची सगळी वर्षं प्रत्येक गाडीला फलाटावर येऊन उभा राहिला असता. नाही घेतला तर हुकूम मोडल्यासारखाच.

"रशीद मिसिंग आहे, चाचा," मी म्हणालो. "शोध चालू आहे."

तो हुकूम होता आणि तो मी पाळला. हात मात्र गुडघ्यांवरून उचलले नाहीत.

चाचा कपाकडे बघत राहिले. वाफ गेली. चहावर साय धरली. शेठनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बांगड्यांचा आवाज थांबला. 

मग चाचा म्हणाले, "त्या दिशी निंगतानी च्या पेला होता काय त्यानं?"

"पेला होता, चाचा. एक थेंब ठेवला नाही. मग्गा उलटा करून दाखवला."

"मंग बरं झालं," चाचा म्हणाले. "उपाशी नाई गेला."

त्यांनी माझ्यासमोरचा कप उचलला, बाहेर गेले आणि तो मातीत ओतला. भरला कप ओतताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. मग ते पडद्याआड गेले आणि मी हमालाबरोबर स्टेशनवर जाऊन बसलो.

उन्हाळ्यात बर्फ उतरलं आणि रशीद सापडला. जोडलेल्या केबलपासून जवळच होता. त्याच्या धर्माप्रमाणे आम्ही त्याला तिथेच दफन केलं. बलवंतसिंग, पिल्ले, नोरबू आणि मी, चौघांनी माती दिली. परत आल्यावर नोरबूने दगडावरचा मग्गा रिकामा केला, धुतला, कोरडा केला आणि माझ्या हातात दिला.

"साब आ गए," तो म्हणाला. "अब भरके नहीं रखना."

पुढच्या रजेत मी रशीदची ट्रंक आणि तो मग्गा जऊळक्याला नेला. सरकारी पत्र आधीच पोचलं होतं. चाचा वाळले होते, पण भट्टी पेटलेली होती. मी त्यांना नोरबूची रीत सांगितली. रशीद सापडेपर्यंत त्याचा मग्गा रोज भरून ठेवलेला असायचा, हे सांगितलं. पहिला मग्गा त्याने प्यायला नको होता, एवढं वगळलं. ते वगळलं हेच योग्य होतं, असं मला आजही वाटतं.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग मग्गा गरम पाण्याने विसळला, काठोकाठ भरला आणि माझ्यापुढे धरला.

"सापडला न तो? आता पे."

चहा गोड होता आणि जीभ भाजत होती. मी मधे थांबलो नाही. संपल्यावर चाचांनी मग्गा माझ्या हातातून घेतला, आत डोकावून पाहिलं आणि भट्टीच्या वरच्या फळीवर कपांच्या रांगेत ठेवला. त्याच्या पोटावर रशीदने पोस्टवर बसून टोच्याने कोरलेली अक्षरं गिऱ्हाइकांकडे वळवून ठेवली. सिग्नलमन शेख रशीद, जऊळका.