टिटवीची अंडी 'उठून दिसत नाहीत' म्हणे!

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय.

मिरजगावजवळ आम्ही चौघं पक्ष्यांचे फोटो काढायला गेलो होतो. नांगरलेल्या रानात एवढासा तुकडा तसाच सोडलेला दिसला. त्यात टिटवीची चार अंडी!

आमच्यातल्या एकानं ती उचलून पाटाकडेच्या हिरव्या गवतावर मांडली. म्हणे, "मातीत उठून दिसत नाहीत." अरे, दिसू नयेत म्हणूनच तिनं तिथं घातली ना! मी "ठेव परत" म्हणेपर्यंत फोटो काढून झालासुद्धा.

टिटवीचा ओरडा ऐकून रानाचे मालक, एक आजोबा, धावत आले. अंडी जागेवर ठेवत म्हणाले, "येवढा ट्रॅक्टर वळवला मी हिच्यासाठी, अन् तुमाला हात आवरंना व्हय?"

आता तोच फोटो आपल्या ग्रुपवर आलाय. खाली 'लई भारी'ची रांग लागलीय. तुमच्यातल्या कुणाकुणाचं आहे त्यात?